दवानं वाचून दाखवलेलं नाव

परवा थोरला नातू पुण्याहून आला. नागपूरला गाडी बदलून वडशाला पोचला तेव्हा अजून उजाडायचं होतं. मार्गशीर्षातली थंडी. मी ओसरीपुढं शेकोटी पेटवली होती आणि धाकटी नात माझ्या घोंगड्यात शिरून बसली होती. हा आला तो पाठीवर पिशवी आणि ओंजळीत एक एवढंसं खोकं. इतकं जपून धरलेलं की मला वाटलं पोरानं आजोबासाठी पेढे आणले.

"आबा, डोळे मिटा. हात पुढं करा."

हातात काय आलं ते डोळे उघडायच्या आधीच कळलं. अंगठ्याएवढी जाड, करंगळीएवढी लांब काच, वजन म्हणाल तर जवळजवळ नाहीच, आणि बुडाला सुईसारखे बारीक नऊ पाय.

"वाल आहे," मी म्हणालो. "ईसीसी ८३ असावा."

पोरगं चाटच पडलं. अरे बाबा, १९६२ साली मी सोळा वर्षांचा असताना या गावात रेडिओच्या दुकानी कामाला लागलो, पुढं स्वतःचं दुकान घातलं. पुस्तकात याला निर्वात नळी म्हणतात, इंग्रजी शिकलेले व्हॉल्व्ह म्हणतात; आमच्याकडं गिऱ्हाईक दारातूनच ओरडायचं, "भाऊ, वाल गेला वाटते!" बुधवारी तर फारच घाई. संध्याकाळी सिलोनवर बिनाका गीतमाला असायची.

डोळे उघडून पाहिलं. काचेवर पांढऱ्या झळझळीत अक्षरांत लिहिलेलं: मुलार्ड, मेड इन ग्रेट ब्रिटन. नातवाला जुन्या तबकड्या ऐकायचा नाद लागलाय, त्यासाठी त्यानं वालचा अँप्लिफायर घेतलाय, आणि त्यात घालायला हा साठ वर्षांपूर्वीचा, न वापरलेला, अस्सल विलायती वाल. किंमत सांगितली तेव्हा त्याच्या आजीनं पदर तोंडाला लावला. मी काही बोललो नाही. म्हटलं, आधी चहा घे.

पण धाकटी कसली थांबते? "आबा, हा कायचा बल्ब आहे?"

चिमणे, प्रश्न तू बरोबर विचारलास. हा बल्बच्याच पोटी जन्मलेला आहे, आणि त्या जन्माला बांबू साक्षीदार होता.

हाव, बांबूच. आपल्या गडचिरोलीत पावलोपावली आहे तसा. फक्त तो जपानातला होता, क्योटोजवळच्या गावचा. अमेरिकेतल्या एडिसननं दिव्यात जळणारी तार कशाची करावी म्हणून दोरा पाहिला, कागद पाहिला, नाना झाडांचे धागे पाहिले. १८८० च्या सुमारास त्याला सापडलं की बांबूची बारीक कामटी भाजून कोळसा केली तर ती पुष्कळ तास टिकते. दिवा तर पेटला, पण काही दिवसांनी काच आतून काळी पडायला लागली. एडिसननं निरखून पाहिलं, तर त्या काजळीत एक उभी, स्वच्छ रेघ राहिलेली. कामटी घोड्याच्या नालासारखी वाकवलेली असायची ना? तिच्या एका पायाकडून काहीतरी उडत होतं, आणि दुसरा पाय मध्ये आल्यानं त्याची सावली काचेवर पडत होती. उजेडाची नव्हे, उडणाऱ्या कणांची सावली!

मग त्यानं दिव्यात एक जादा पत्रा बसवला. पत्र्याला धन टोक जोडलं की मधल्या मोकळ्या जागेतून वीज वाहायची. ऋण टोक जोडलं की बंद. १८८३ साली त्यानं त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि विषय सोडून दिला. इलेक्ट्रॉन नावाचा कण जगाला कळायला अजून चौदा वर्षं होती, त्यामुळे आपण कशाला हात लावला हे त्या बिचाऱ्यालाही उमगलं नाही. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगनं त्याच दिव्याचा वायरलेससाठी उपयोग केला. वीज एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, म्हणून नाव व्हॉल्व्ह. आणि १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन माणसानं तार आणि पत्रा यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट घातली. त्या तिसऱ्या गोष्टीत सगळी गंमत आहे. ती समजायला आपल्याला तळ्यावर जावं लागेल.

आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मालगुजारी तलाव आहेत. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले. तलावाच्या पाळीला तुडूम असतं, आठवतं? पावसाळाभर साठलेलं अख्खं तळं त्या पाळीमागं जोर लावून उभं असतं. आणि एक म्हातारा माणूस, माझ्यासारखा काटकुळा, पाण्यात हात घालतो, तुडुमाचा बूच थोडा उचलतो, आणि बांधोबांध धानाला पाणी सुटतं. जोर कोणाचा? तळ्याचा. हुकूम कोणाचा? म्हाताऱ्याच्या मनगटाचा. बूच बोटभर हलला की पाट हातभर चढतो.

वालमध्ये हेच. मधोमध निकेलची बारीक नळी, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. नळीच्या पोटात तापणारी तार, ती लेपाला सातआठशे अंशांपर्यंत तापवते. आंधणावरून वाफ निघावी तसे लेपावरून इलेक्ट्रॉन निघतात. बाहेरच्या बाजूला राखाडी पत्र्याची प्लेट, तिच्यावर दोन-अडीचशे व्होल्टचा धन दाब. ती इलेक्ट्रॉनांना ओढून घेते. हे झालं तळं. आणि दोघांच्या मध्ये केसासारख्या तारेचा विरळ वेढा, तो ग्रिड. तो आपला तुडुमाचा बूच. तबकडीच्या सुईकडून आलेला मुंगीच्या पावलाएवढा विजेचा झटका ग्रिडवर पोचला की पलीकडं त्याचीच हुबेहूब, पण कितीतरी मोठी लाट उठते. या ईसीसी ८३ चा गुणक शंभर आहे. आणि नावातच त्याची कुंडली आहे बघ: ई म्हणजे ६.३ व्होल्टवर तापणारा, एक सी म्हणजे एक ट्रायोड, म्हणजे नळी, ग्रिड आणि प्लेट अशा तिघांचा संच, दोन सी म्हणजे एका काचेत दोन जुळे, आणि आकड्यातला आठ म्हणजे नऊ पायांची बैठक.

"आणि हे आतमधी चकचकीत काय आहे? आरसा?" धाकटीनं वालच्या माथ्याकडं बोट दाखवलं.

आरसाच समज. पण हा राखणदार आरसा आहे. आत हवा राहिली तर इलेक्ट्रॉन हवेच्या कणांवर आदळत बसतील आणि तो लेप खराब होईल. म्हणून कारखान्यात पंपानं हवा काढतात, काच बंद करतात, तरी चोरून थोडी राहतेच. त्या चोराला धरायला आत एका कडीत बेरियम ठेवलेला असतो. काच बंद झाल्यावर बाहेरूनच ती कडी लालभडक तापवतात. बेरियमची वाफ होऊन ती काचेवर चांदीसारखी बसते आणि उरलेसुरले वायू गिळून टाकते. तिला गेटर म्हणतात. कडी गोल आहे, चौकोनी आहे की इंग्रजी डीसारखी, हे लक्षात ठेव रे पोरा, पुढं कामाला येईल. आणि वाल आयुष्यभर हवाबंद राहिला तर चांदी तशीच राहते. हवा शिरली तर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९६९-७० चा हंगाम असेल. धानाची कापणी झालेली, वैनगंगेपलीकडच्या एका गावात मंडई. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे पहाटेपर्यंत, आणि हजारो माणसं बैलगाड्या जुंपून आलेली. लाऊडस्पीकर आमच्या दुकानाचा. मी जनरेटरच्या फटफटीपासून जरा लांब, कनातीच्या कडेला अँप्लिफायर घेऊन बसलेला. त्यात ईएल ३४ जातीचे दोन मोठे वाल, आणि ते फार तापतात म्हणून मी शहाण्यानं वरचं जाळीचं झाकण काढून ठेवलेलं. रात्री तीनचा सुमार. कापडावर दव साचत होतं. वर एक शिवण उसवलेली होती, त्यातून एक थेंब ओघळला आणि बरोब्बर तापलेल्या काचेवर पडला.

टिच्.

एवढाच आवाज. हात लावला तर फोड येईल इतकी तापलेली काच; थेंब पडला तेवढीच जागा एकदम आकसली, शेजारची काच आकसायला तयार नाही, मधल्या मध्ये तडा गेला. हवा आत शिरली. आणि बघता बघता ती चांदी कडेकडेनं विरत गेली आणि दुधासारखी पांढरी झाली. बेरियमला हवेतला ऑक्सिजन मिळाला होता. कुठल्याही वालचा माथा पांढरा दिसला की समजावं, हा गेला, आता वैद्य बोलावून उपयोग नाही.

भोंगे बंद पडले. नायिकेचं पद अर्ध्यावर. माझ्या पोटात गोळा. बाई मात्र हलली नाही. मायक्रोफोन बाजूला सारून रंगमंचाच्या पार कडेला आली, पेटीवाल्याला खूण केली, त्यानं पट्टी चढवली, आणि तिनं तेच पद असं मोकळ्या गळ्यानं उचललं की शेवटच्या बैलगाडीवरून 'वन्स मोअर' आला. मी दुसरा वाल बसवून तयार होतो, तरी कोणी मला 'चालू कर' म्हणेना. त्या रात्रीपासून मी दवाला भिऊन राहिलो. हे ऋण पुढं दवानंच फेडलं, ते सांगतो.

नातवाचा चहा संपला होता. "आबा, ते ठीक. माझा वाल खरा की खोटा?"

ताडोब्यात वाघ कसे ओळखतात रे? गाइड लोक लाडानं नावं ठेवतात, पर्यटक तीच घोकत फिरतात. पण जंगल खात्याचे कॅमेरे रात्री फोटो काढतात तेव्हा नाव बघत नाहीत, अंगावरचे पट्टे जुळवतात. काचेवरची छापील अक्षरं म्हणजे ठेवलेलं नाव. आपल्याला पट्टे बघायचे.

लोक अंगठ्यानं घासून बघतात, अक्षरं निघाली की खोटा म्हणतात. हे साफ चूक. खऱ्या मुलार्डची शाईसुद्धा जरा घासली की निघते. अशानं कित्येक अस्सल वाल लोकांनी अनामिक करून टाकले. उलट साठ वर्षं खोक्यात लोळूनही अक्षरं लग्नपत्रिकेसारखी ताजी असतील तर मी तरी आधी भुवया उंचावतो. खोक्यावर तर मुळीच जाऊ नको, खोकी आजही छापता येतात. शिवाय कारखाने एकमेकांना माल विकत. एकानं बनवायचा, दुसऱ्यानं नाव छापायचं. यात लबाडी नव्हती, धंदाच तसा चाले. मुलार्ड तर १९२७ पासून फिलिप्सच्याच घरातली.

म्हणून बुडाजवळ बघायचं. फिलिप्स घराण्याच्या वालवर पायांच्या वर, काचेवरच, अगदी फिकट करडी दोन ओळींची खूण असते. उजेड आडवा पाडल्याशिवाय दिसत नाही. वरची ओळ वालच्या जातीची, खालची जन्माची. समज लिहिलंय बी ७ डी २. बी म्हणजे इंग्लंडातला ब्लॅकबर्नचा कारखाना, सात हा वर्षाचा शेवटचा आकडा, डी म्हणजे चौथा महिना, दोन म्हणजे दुसरा आठवडा. हॉलंडच्या हेरलेन कारखान्याची खूण छोटा त्रिकोण. सात म्हणजे १९५७ की १९६७, हे मात्र खूण सांगत नाही. ते आतल्या बांधणीवरून ताडायचं. जर्मनीच्या टेलिफुंकनची रीत आणखी पक्की: पायांच्या मधोमध काचेतच उठवलेला पत्त्यांतला चौकट. शाई कोणीही छापेल, काचेच्या साच्यात चौकट उठवणं सोपं नाही.

मग आत डोकवायचं. प्लेट लांब की आखूड, तिच्यावर आडव्या घड्या आहेत की सपाट, गेटरची कडी कोणत्या आकाराची आणि किती दांड्यांवर उभी, आणि वरखाली ज्या पारदर्शक चकत्यांनी सगळं घट्ट धरलंय त्यांचा कातर कसा आहे. त्या चकत्या अभ्रकाच्या. उष्णता सोसते, वीज अडवते, पापुद्र्यानं पापुद्रा सुटतं असं दुसरं काही तेव्हा नव्हतंच, आणि उत्तम अभ्रक आपल्या देशात, कोडरमाकडं. तिथलंच गाव झुमरीतलैया. आमच्या वेळच्या कोणालाही विचार, फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त पत्रं कुठून यायची? झुमरीतलैयाहून! जमिनीतून अभ्रक काढून जगाच्या रेडिओंना पुरवायचं आणि वर त्याच रेडिओला गाणी मागायची. मला हा हिशेब फार आवडतो. आपल्या जंगलाचाही त्यात वाटा आहे म्हणा. पळसावर, कुसुमावर किडे लाख करतात. ती चपडी स्पिरिटात विरघळवून रेडिओच्या लाकडी पेटीला पॉलिश मारायचे, आणि तुझ्या जुन्या जाड तबकड्यासुद्धा लाखेच्याच.

असो, भरकटलो. आणखी एक ऐक. आज मुलार्ड या नावानं नवे वालही मिळतात, रशियातल्या साराटोव्हला बनवलेले. नाव रीतसर विकत घेतलेलं आहे, वालही चालतात. त्यांना नकली म्हणायचं नाही. पण जुना म्हणून जुन्याच्या भावात कोणी गळ्यात मारला तर ती लबाडी. घेण्याआधी विकणाऱ्याकडं चार फोटो मागायचे: समोरून, माथ्यावरून, पायांकडून आणि त्या करड्या खुणेचा. जो खुणेचा फोटो टाळतो त्याला आपण टाळायचं. पायांवर ओरखडे असतील तर तो कधीतरी बैठकीत जाऊन आलाय, मग 'न वापरलेला' कसा? आणि चांदीचा डाग मोठा आहे म्हणजे वालमध्ये दम आहे असंही नाही. दम टेस्टरवरच कळतो. ईसीसी ८३ ला अडीचशे व्होल्ट आणि ग्रिडला उणे दोन दिले की प्लेटमधून सव्वा मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह यावा. तो आकडा मागायचा. मग चालू करून पेन्सिलीनं हळूच टकटक करायची. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज घुमला तर आतले भाग सैल झालेत, तबकडीच्या कामाला तो वाल नको.

नातवाचा वाल मी बॅटरीच्या उजेडात तीनदा फिरवला. ब्लॅकबर्नचा बी कुठं सापडेना. नातवाचं तोंड उतरायला लागलं.

"चिमणे, अंगणात जा. तुळशीजवळ कोळ्याचं जाळं दिसतं का?"

ती पळाली. "हाव आबा! मोठं आहे! मोत्याचं!"

काल दुपारी दिसलं होतं? नाही ना. जाळं तर कालही होतंच. दव धरल्यावर दिसलं.

मी वाल तुळशी वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवला. उन्हाळा असता तर फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं असतं. दहा मिनिटांनी काच गार पडली, तशी उचलून तिच्या तोंडापुढं धरली. "हळूच हा कर. फुंकायचं नाही, हा करायचं."

काचेवर धुकं धरलं. आणि त्या पांढऱ्या 'ग्रेट ब्रिटन'च्या खाली, जरा तिरकी, दुसरीच अक्षरं उमटली. मेड इन इंडि… आणि धुकं विरलं.

पोरगी किंचाळलीच. पुन्हा केलं, पुन्हा उमटली.

यात भूतबीत नाही. काचेवर पूर्वी शाई होती, ती कोणीतरी पुसली. पण शाई गेली तरी काचेचा तेवढा भाग शेजारच्यासारखा राहत नाही. स्वच्छ काचेवर वाफ सपाट पसरते, मळकट काचेवर बारीक बारीक थेंब होऊन बसते. उजेड दोन्हींवरून वेगळा परततो, म्हणून गेलेली अक्षरं वाचता येतात. या श्वासाच्या चित्रांवर लॉर्ड रॅलेसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं १९११ साली लिहून ठेवलंय. मी मात्र ते एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यावरून शिकलो.

मी आत जाऊन पत्र्याची पेटी आणली. दुकान मोडलं तेव्हाचे वाल अजून आहेत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्यातला एक काढून शेजारी धरला. गेटरची कडी तीच, अभ्रकाचा कातर तोच, प्लेटही तीच. माझ्या वालवरची अक्षरं मात्र शाबूत होती: भारत इलेक्ट्रॉनिक्स. सरकारनं १९५४ साली बंगळूरला, जालहळ्ळीत काढलेला कारखाना; साठच्या दशकात तिथं फिलिप्सच्या तंत्रानं वाल बनायला लागले. म्हणून बांधणीत भावंडांसारखं साम्य. पूर्वी नॅरोगेजच्या गाडीनं पार्सल यायचं, आणि मालक म्हणायचे, विलायती मागणाऱ्याला आधी हाच लावून दाखव, नंतर नाव सांग.

"म्हणजे फसलो," नातू म्हणाला.

फसलास, पण वालकडून नाही. चल.

माझा जुना अँप्लिफायर माळ्यावरून काढला, धूळ झटकली, वाल बसवला. अर्धा मिनिट काही नाही. मग काचेच्या पोटात निखाऱ्यासारखी लाल तार दिसायला लागली. पेन्सिलीनं टकटक केली, घुमला नाही. नातवाच्या पिशवीतली लाखेची तबकडी लावली, सुई टेकवली. खरखर, खरखर, आणि मग त्या खरखरीतून सारंगी अशी वर आली की आजी स्वैपाकघरातून हात पुसत दारात येऊन उभी राहिली. किंमत ऐकल्यापासून ती नातवाशी बोलली नव्हती.

गाणं संपलं तेव्हा नातू फोनवर विकणाऱ्याला लांबलचक तक्रार लिहीत होता. पैसे परत मागत होता, आणि ते बरोबरच आहे. नाव खोटं सांगितलं त्यानं.

"लिही," मी म्हटलं. "आणि खाली विचार, असे आणखी किती आहेत. म्हणावं, आबा सगळे घेतील, पण भाव वडशाचा देतील. ब्लॅकबर्नचा नाही."